घरातनं जाणारा रस्ता

सकाळी चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं असायचं, आन् मोजणीदार चाचा माज्या घरातनं चालत जायचे. घरात यायचे न्हाईत, घरातनं जायचे. ह्या दारानं आत, त्या दारानं भायेर. दाराशी एकदा खाकरायचे, वहाणा काढून हातात घ्यायचे, सात पावलं टाकायचे आन् पल्याडच्या उंबऱ्याभायेर वहाणा घालून पुढं चालू पडायचे. मान सरळ. चुलीकडं बगणं न्हाई, पोरीच्या अंथरुणाकडं बगणं न्हाई. पावसाळ्यात छत्री भायेर मिटायचे, आन् पल्याड गेल्यावर परत उघडायचे.

एकदा दिवाळीला माजा भाऊ आला व्हता. चुलीपाशी चहा पीत बसला व्हता, तवर चाचा त्येच्या पुढनं निघून गेले.

"ताई, कोण गं हे?"

"रस्त्यानं चाललेत."

"कंच्या रस्त्यानं?"

"तू बसलायस त्याच."

त्येनं कप खाली ठेवला आन् उठून भितीला टेकून हुबा राह्यला. कुठनं एखादी गाडी येईल असं वाटलं असंल त्येला.

आता हे सांगायचं तर आदी माजी चूक सांगायला पायजे. मी मार्गासनीच्या पल्याडची. मालक गेले तवा पोरगी पाच वर्साची व्हती. सासरी राहू दिलं, पण ताटात वाढायचं हळूहळू कमी केलं. मग एक पातेलं, एक वाकळ आन् पोरगी घेऊन एसटीनं भोरला आले. पावसाळ्यात उत्रोलीच्या शिवारात भातलावणी करायची, सुगी झाली की गिरणीत कणी पाखडायची. गिरणीच्या पडवीला आठ वर्सं काढली. रात्री उंदीर पायावरनं जायचे. त्येची सवय झाली, पण पोरगी वाढत चालली व्हती. म्हणून अंगावर जे काय सोनं व्हतं ते मोडून गावाच्या कडंला अर्धा गुंठा घेतला. इकणारा माणूस लई गोड बोलायचा. म्हणला, "मावशी, मोकळी जागा बगा. पुढनं वारं, मागनं वारं." मोकळी का व्हती ते म्या इचारलं न्हाई. मला वाटलं, गरिबाचं नशीब म्हणून मोकळी राह्यली.

पाया खणायला घेतला त्या दिवशी दोन गडी व्हते आन् मी. एक उंच म्हातारा आला. डोक्याला पांढरी टोपी, अंगात जुना खाकी कोट, आन् कडक उन्हात हातात मिटलेली छत्री. छत्रीच्या दांड्यावर चाकूनं बारीक बारीक खुणा केलेल्या. चार हातांवर थांबून म्हणले,

"बाई, रस्त्यात खणू नका."

म्या चारीकडं बगितलं. गवत व्हतं. एक बोर व्हती. एक गाढव चरत व्हतं.

"कुठाय रस्ता?"

"तुमी हुब्या हाय तिथं मधोमध. दहा हात ह्या अंगाला, दहा हात त्या अंगाला."

गडी फिदीफिदी हसायला लागले. एकजण म्हणला, "चाचा, मग त्या गाढवाला बी सांगा की, बाजूला हो म्हणावं."

चाचा गेले, गाढवाचा कान धरला आन् त्येला दहा हातांच्या भायेर नेऊन सोडलं. मग माज्यापाशी येऊन दगडावर बसले.

म्हणले, "नगरपालिकेनं गावाचा नकाशा केलाय. गाव वाढणार. तवा ह्या रस्त्याचं टोक त्या रस्त्याला जुळायला पायजे. म्हणून लोकांच्या जागेतनं आदीच रेघ ओढून ठेवलीया. जागा ज्येची त्येचीच. पण रेघंत घर बांधायचं न्हाई. ज्येनं तुमाला इकलं, त्येला हे ठावं व्हतं."

"मग रस्ता कदी करणार?"

"ते नकाशात नसतं, बाई."

मला कळलं. शाळा शिकले न्हाई पण कळलं. आमच्याकडं नवं घर बांधलं की आढ्याला पाळण्याची कडी आदीच ठोकून ठेवत्यात. पोराचं लगीन बी ठरलेलं नसतं, पण कडी असती. तिला कोण वाळवणाची दोरी बांधत न्हाई. तसंच हे. आन् मी त्या कडीखाली चूल मांडायला आले व्हते.

रडले न्हाई. रडून सोनं परत येत नव्हतं. गड्यांना म्हणलं, खणा. चाचा निघून गेले. म्या म्हणलं, गेला नगरपालिकेत, आता घेऊन येतो माणसं. तर दुपारी एकटेच आले. छत्रीनं जमिनीवर दोन रेघा मारल्या.

"घर बांधा. जायला जागा न्हाई हे दिसतंय मला. पण हितं एक दार आन् बरोबर समोर दुसरं. रुंदी साडेतीन हात."

"साडेतीन हात? माज्या घरात काय हत्ती यायचाय?"

"रस्ता यायचाय," म्हणले.

तशी दारं केली. फळ्या पुरल्या न्हाईत, म्हणून पत्र्याची केली. मुळात चटईएवढं घर आन् त्येला दोन्हीकडं वाड्याच्या दरवाज्याएवढी भोकं. थंडीत वारं सरळ आरपार जायचं. मी गोणपाटाचे पडदे शिवले. बाया हसायच्या, म्हणायच्या, हिच्या घराला भितीपरीस दारंच जास्ती. मी बी मनात चाचांना दोन शिव्या द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाकरले आन् पहिल्यांदा घरातनं गेले. तवापसनं रोज.

त्येंचं सोताचं घर तर आणखीन येगळं. सगळा गाव त्येला उलटं घर म्हणायचा. येण्याजाण्याचा बोळ एका अंगाला, आन् घराचं तोंड दुसऱ्या अंगाला, गवताकडं. ओटा गवताकडं, नक्षीचं दार गवताकडं, कोनाडा गवताकडं. बोळाकडनं येणारा पावणा मोरीवरनं, चाचीच्या भांड्यांतनं वाट काढत आत जायचा. चाची म्हणायची, "चाळीस वर्सं झाली, लोक माज्या घरात चोरासारखे मागनं येत्यात. पुढनं फकस्त कोंबड्या येत्यात."

पण त्या पुढच्या दारात हुबं राह्यलं ना, की बगत राहावं असं व्हतं. चाचांनी सोताच्या जागेत रेघंच्या दोन्ही कडांनी करंजाची झाडं लावली व्हती. ईस हात सोडून समोरासमोर, जोडीजोडीनं. तरणे असताना लावलेली, आता फांद्या वर एकमेकीत गेल्या व्हत्या. खाली सावलीचा सरळ पट्टा. रस्ता न्हाई, पण रस्त्याची सावली व्हती. माणूस अजून न झालेल्या गोष्टीला सावली धरून बसलाय, आन् तीस-चाळीस वर्सं हात खाली घेतला न्हाई.

त्या पट्ट्यात काय करायचं न्हाई असा त्येंचा नेम. पापड वाळवायचे न्हाईत. शेरडू बांधायचं न्हाई. लेकीच्या लग्नाचा मांडव घातला तो बी झाडांच्या भायेर, उन्हात. पोरं गोट्या खेळायला बसली की म्हणायचे, "कडंला खेळा रं, गाडी येईल." पोरं मुद्दाम मागनं वराडायची, "चाचा, गाडी आली, गाडी!" चाचा बाजूला व्हायचे. गाडी गेली असंल एवढा वेळ थांबायचे, मग पुढं. पोरं पोट धरून हसायची. एकदा म्या म्हणलं, "चाचा, पोरं चेष्टा करत्यात तुमची." तर म्हणले, "करू देत. बाजूला व्हायची सवय लागती त्यांना." आन् खरंच, काय दिसानं तीच पोरं गाडी म्हणली की सोताच बाजूला व्हायला लागली.

ही रेघ कोणी ओढली म्हणाल, तर त्येनीच. हे मला चाचीनं सांगितलं, भाकरी थापता थापता. तरणे असताना ते सरकारी मोजणीत व्हते. साखळी धरायला चार माणसं, वर एक साहेब. रेघ मारत मारत आले तर ती बरोबर त्येंच्या वडलोपार्जित जागेच्या मधनं जायला लागली. साहेब म्हणले, "अहो, ही तर तुमची जागा. थोडी वळवूया का? कोणाला कळतंय." चाचा म्हणले, "मला कळतंय." आन् साखळी सरळ ताणली.

"येडं हाय माजं माणूस," चाची म्हणली. पण म्हणताना तिनं पदर सारखा केला. मग हळू आवाजात म्हणली, "येडं न्हाई. त्येंचे अब्बा गेले ना, तवा जनाजा बोळातनं नेला. बोळाच्या वळणाला वळंना. मग लोकांनी तिरपा केला. एका अंगाला पार कलता केला. हे पुढनं खांदा देत व्हते. वजन सगळं त्येंच्याकडं आलं. पुढं नोकरीत लागले तवा म्हणले, मेलेल्या माणसाला सरळ जाता यावं एवढी तरी वाट गावाला असावी."

रोज माज्या घरातनं जायचे, पण घरातलं बगायचे न्हाईत असं म्हणलं ना, तरी त्येन्ला कळायचं. एका पावसाळ्यात मला हिवताप आला. सकाळी चूल पेटली न्हाई. पोरगी शेजारनं काय मिळंल ते खाऊन आली. चाचा रोजच्यासारखे गेले, मान सरळ. अर्ध्या घटकेत चाची पातेलं घेऊन आली. म्या इचारलं, "तुमाला कोणी सांगितलं?" म्हणली, "ते म्हणले, रस्त्यात धूर न्हाई आज."

आता जे सांगते ते म्या कोणाला सांगितलं न्हाई.

पोरगी लग्नाची झाली व्हती. गावात दवंडीसारखी बातमी फिरली की नगरपालिका रेघ पुन्हा मोजणार, कोणाची घरं आत येत्यात ते बगणार. हे घर गेलं तर परत गिरणीची पडवी, परत उंदीर. पोरीला बगायला येणाऱ्याला कुठं बसवायचं? गिरणीतली माजी शेजारीण म्हणली, "अगं, बोरीखाली दगूड हाय बग पुरलेला, खुणेचा. त्येच्यावरनंच दोरी धरत्यात. दगूड सरकला की रेघ सरकली. बाकी कोणाला काय म्हायती?"

भर दुपारी, समदी कामाला गेल्यावर, म्या पहार घेतली. दगूड गुडघ्याएवढा वर आन् दोन गुडघे खाली. खणून काढला, लोटत लोटत पंधरा हात सरकवला, पुरला, माती दाबली. जुना खड्डा गवतानं झाकला. संध्याकाळी भाकरी थापताना परत परत बोरीकडं बगितलं. पण मनाला म्हणलं, एका बाईनं पंधरा हात घेतले तर जगाचं काय जातंय?

सकाळी चाचा आले. खाकरले. वहाणा हातात. सात पावलं, तीच, त्याच रेघंवर. दगूड कुठं हाय ह्याच्याशी त्येंच्या पायाला देणंघेणंच नव्हतं. पल्याडच्या उंबऱ्याशी वाकून वहाणा घातल्या, आन् पाठमोरेच म्हणले,

"दगूड लई जड असतो, बाई. पाठ दुखत असंल."

आन् गेले.

थोड्या वेळानं चाची तेलाची वाटी घेऊन आली. "त्येनी दिलंय. कशाला ते बोलले न्हाईत. कुठं दुखतंय गं?"

म्या वाटी घेतली. मार खाल्लाय म्या, उपाशी राह्यलेय, पण त्या वाटीएवढं कशानं खाली बगायला लावलं न्हाई. त्याच दुपारी दगूड परत नेला. जाताना पंधरा हात हलका गेला व्हता, येताना मात्र जीव गेला. बोरीखाली पोचले तर जुन्या खड्ड्यावरचं गवत कोणीतरी बाजूला काढून ठेवलं व्हतं. खड्डा मोकळा, नीट. दगडाची वाट बगत.

मोजायला माणसं आली तवा चाचा लांब छत्रीला टेकून हुबे. फीत ताणली ती माज्या दोन्ही दारांच्या मधोमध गेली, बोटभर बी इकडंतिकडं न्हाई. त्यातला एक शिकलेला पोरगा व्हता, तो परत परत बगत व्हता. म्हणला, "आजोबा, हे कशानं मोजलं व्हतं त्या काळात?"

"साखळीनं," चाचा म्हणले. "आन् पायानं."

माज्या भितीवर लाल रंगाची फुली मारून ते गेले. मी चाचांपुढं जाऊन हुबी राह्यले.

"चाचा, माजं घर जाणार."

"जाणार."

"आन् मी?"

"रस्ता झाला की माजं घर सुलट व्हईल. मागली खोली बोळाकडं पडंल, ती रिकामी. ती तुमची. माज्या पोराला सांगून ठेवलंय."

खरं सांगू, मी मनातनं म्हणलं, बोलायला काय जातंय. मला तसंच बोलून जागा इकली व्हती की एकानं.

मग रस्ता काय झाला न्हाई. मंजुरी न्हाई, निधी न्हाई, वर्सामागनं वर्स. फुली फिकी पडली. पोरीचं लगीन झालं, पालीला दिली, तिच्या घरावरनं राजगड दिसतो. मी आन् चूल आन् दोन दारं राह्यलो. आन् रोज सकाळी सात पावलं.

गावात मोबाईल नुकते दिसायला लागले व्हते, त्या साली पाऊस सरता सरता एका सकाळी चहाचं आधण आटलं. परत पाणी घातलं, ते बी आटलं, पण दाराशी कोण खाकरलं न्हाई. मी चूल तशीच ठेवून उलट्या घराकडं गेले.

बोळात माणसं जमली व्हती. त्येंचा पोरगा टेम्पो चालवायचा, तो भितीला टेकून. आंघोळ, कफन सगळं झालं. जनाजा उचलायची वेळ आली तवा दोघं जण पुढं जाऊन बोळाचं वळण हातानं मापून आले. एकजण बारीक आवाजात म्हणला, "थोडा तिरपा करावा लागंल."

आत चाची बसली व्हती. तिला ऐकू गेलं. रडत व्हती ती रडायची थांबली आन् माज्याकडं बगितलं.

मी पोराला म्हणलं, "भाऊ, पुढच्या दारानं काढा. झाडांतनं सरळ आणा."

"मावशी, पुढं तुमचं घर हाय."

"घरातनं न्या."

शेजारणीनं माज्या दंडाला चिमटा घेतला. "येडी का खुळी तू? देव हाय तुज्या घरात, चूल हाय. मयत कोण घरातनं नेतं?"

म्या म्हणलं, "ते रोज जायचे. आज काय नवं हाय?"

घरी पळाले. चुलीवर पाणी ओतलं, ती चर्र करून इझली. देवाची फळी फडक्यानं झाकली. हंडा, वाकळ, पातेलं सगळं कोपऱ्यात घेतलं. गोणपाटाचे पडदे दोन्हीकडचे फाडूनच काढले, सोडवायला वेळ नव्हता. पत्रे सताड उघडले आन् भितीला पाठ लावून बसले.

ते करंजाच्या सावलीतनं आले. चाळीस वर्सांत त्या पट्ट्यातनं माणसांची एवढी रांग पहिल्यांदाच चालली. दाराशी आले. पोरगा पुढं व्हता. तो दाराशी येताच खाकरला. रडं आलं म्हणून, का बापाचं बगून बगून, देवालाच ठावं. खांदेकऱ्यांनी वहाणा तिथंच सोडल्या. आत आले. एका अंगाला दोन, दुसऱ्या अंगाला दोन, मधी ते. दाराला कोणाचं कोपर लागलं न्हाई. जनाजा कलला न्हाई, वाकला न्हाई, थांबला न्हाई. पाण्यानं भरलेली परात न्यावी तसा सरळ गेला. मागची माणसं वहाणा हातात घेऊन, मान सरळ ठेवून गेली. माज्या इझलेल्या चुलीकडं एकानं बगितलं न्हाई.

साडेतीन हात म्हंजे काय ते मला तवा कळलं. खांदा देणारी माणसं दोन्हीकडं धरून जनाजा केवढा व्हतो, त्येचं ते माप व्हतं. गवतात, गाढवाशेजारी, मला शिव्या द्यायला लावून, त्येनी माज्या घराला ते माप दिलं व्हतं. सोतासाठी दिलं का गावासाठी, ते इचारायचं राह्यलं.

रस्ता त्येच्यानंतर पाच वर्सांनी झाला. पत्रे मी माज्या हातानं उतरवले. पोरानं बापाचा शबूद ठेवला, मागली खोली मला दिली. अजून तिथंच हाय. करंजाचं एक बी झाड तोडावं लागलं न्हाई, डांबर बरोबर मधी बसलं. उलटं घर सुलट झालं. चाचीनं शेवटची चार वर्सं पुढच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम, सलाम घातला. एसटी बी जाती आता.

सकाळी चहा झाला की मी निघते. झाडं संपली की बोरीचा बुंधा लागतो. त्येच्या पुढं माजा उंबरा व्हता. तिथं थांबते. चपला काढते, हातात घेते, सात पावलं टाकते. डांबर सकाळी गार असतं. सातव्या पावलाला परत चपला घालते. मागं टेम्पोवाले हॉर्न वाजवत्यात. परवा एकानं डोकं भायेर काढलं.

"ए म्हातारे, मरायचंय का? रस्त्यात काय करती?"

म्या मान वळवली न्हाई.

"घरातनं चाललीय," म्हणलं.